भरायचं कशानं? कोरेगाव तालुक्यातल्या एका पडीक दगडखाणीचं प्रकरण

मी सत्तावीस वर्षं चंद्रपूर जिल्ह्यात कोळशाच्या खाणींवर सर्व्हेअर म्हणून काढली. आधी जमिनीखालच्या खाणी, नंतर उघड्या. निवृत्त होऊन कोरेगाव तालुक्यातल्या आमच्या गावी आलो आणि दोन वर्षांत गावानं मला पुन्हा एका खाणीच्या काठावर नेऊन उभं केलं. हे त्या खाणीचं प्रकरण. गावाचं आणि शेजारच्या नगरपालिकेचं नाव देत नाही. भांडण कुणाशी उरलेलं नाही, आणि सांगायचं ते नावाशिवाय सांगता येतं. अशा सोडून दिलेल्या खाणी सातारा-सांगलीत ठिकठिकाणी आहेत, तिथंही उद्या हाच प्रश्न येईल, म्हणून सविस्तर लिहितोय.

खाण गायरानात, गावाच्या वरच्या अंगाला. रस्त्यांची कामं जोरात होती तेव्हा एका ठेकेदारानं ती घेतली, क्रशर बसवला, दहा-बारा वर्षं डबर आणि खडी काढली आणि परवडेना तसा गाशा गुंडाळला. मागं राहिला अडीच एकरांचा खड्डा. दक्षिणेकडचा दीड एकर उथळ आणि कोरडा. उत्तरेकडचा एक एकर चाळीस फूट खोल, त्यात बारा महिने पाणी. चारी कडा सुरुंगानं उडवलेल्या, उभ्या. डंपर उतरायचा रस्ता होता तोही ठेकेदारानं जाताना मोठे दगड ढकलून बुजवलेला.

मे २०१८ मध्ये आमच्या आळीतला आठवीतला मुलगा या पाण्यात गेला. त्याला पोहता येत होतं. बरोबरच्या पोरांनी मला नंतर सांगितलं, तो कडेकडेनं दोनदा फिरला, कातळाला हात लावत होता आणि शेवाळावरून हात निसटत होता. वर चढायला कुठं धर नव्हता. हे वाक्य मी वहीत लिहून ठेवलं होतं. पुढं सगळा विचार त्याच्याभोवतीच फिरला.

२०१९ च्या दिवाळीनंतर नगरपालिकेकडून प्रस्ताव आला. त्यांचा कचरा डेपो भरत आला होता. त्यांचं म्हणणं असं: खाणीत आम्ही काही वर्षं कचरा टाकू, वरून मातीचा थर देऊ आणि मग तिथं बाग करून देऊ. चालायचा ट्रॅक, लहान मुलांची खेळणी, ओपन जिम. रंगीत नकाशाही होता. गावाला खड्डा बुजलेला मिळणार, वर बाग फुकट. २६ जानेवारी २०२० च्या ग्रामसभेत निम्म्याहून जास्त गाव अनुकूल होतं. मी कुणालाही दोष देत नाही. ज्या खड्ड्यानं लेकरू नेलं तो बुजतोय, याच्यापुढं बाकीचं काय ऐकू येणार?

प्रस्ताव मांडणाऱ्या अधिकाऱ्यांनी सहज म्हणून एक वाक्य टाकलं: "कोळशाच्या खाणींवरसुद्धा असंच करतात." सगळ्यांच्या माना माझ्याकडं वळल्या.

कोळशाच्या खाणीत नक्की काय करतात

त्यांचं म्हणणं अर्धं खरं होतं. कोळसा निघून गेलेल्या जमिनीवर बागा झाल्यात. नागपूर जिल्ह्यात सावनेरला वेस्टर्न कोलफिल्ड्सनं इको पार्क केलाय, लोक तिथं सहलीला जातात. इंग्लंडमध्ये जुन्या कोळसा पट्ट्यातले खड्डे शहराच्या कचऱ्यानं भरून वर हिरवळ केल्याची उदाहरणं आहेत. पण उघड्या कोळसा खाणीत खड्डा भरतात तो मुख्यतः तिथल्याच मातीनं आणि दगडानं. कोळशाचा थर खाली असतो, त्याच्या वरचा सगळा माल आधी उचलून बाजूला टाकावा लागतो. आम्ही त्याला ओबी म्हणायचो. एक टन कोळशासाठी कित्येक घनमीटर ओबी निघतो, आणि उपसलेला माल फुगतो, मूळच्यापेक्षा जास्त जागा खातो. म्हणजे कोळसा गेला तरी भरायला माल हाताशी असतो. वरची काळी माती वेगळी राखून ठेवायची आणि शेवटी पुन्हा वर पसरायची, अशी रीत आहे. ती सगळीकडं पाळली जाते असं म्हणणार नाही, पण रीत आहे.

दगडखाणीत उलट. इथं विकायचा माल म्हणजे अख्खा डोंगरच. वरची दोन-चार फूट माती-मुरूम सोडला तर जे निघालं ते सगळं खडी होऊन रस्त्याखाली गेलं. परत टाकायला काही शिल्लकच नाही. म्हणून दगडखाणीच्या काठावर उभं राहिलं की माणसाला कचरा आठवतो. आमच्या प्रकरणाची गाठ इथं होती, आणि ती मला ग्रामसभेत उभं राहिल्यावर, बोलता बोलता सापडली.

दुसरी गोष्ट पैशाची. २००९ पासून केंद्राच्या कोळसा मंत्रालयानं खाण बंद करण्याचा आराखडा आणि त्यासाठी वेगळं खातं बंधनकारक केलं. उघड्या खाणीला हेक्टरी सहा लाख रुपये असा त्या वेळचा दर होता, आणि काम झाल्याशिवाय तो पैसा कंपनीला परत मिळत नाही. आमच्या ठेकेदारानं मागं काय ठेवलं होतं? गंजलेला क्रशरचा सांगाडा आणि बुजवलेला रस्ता.

तिसरी गोष्ट मी त्या दिवशी बोललो नाही, घाबरवल्यासारखं झालं असतं. इथं सांगतो. इंग्लंडमध्ये डर्बीशर परगण्यात लॉस्को नावाचं गाव आहे, कोळशाच्या पट्ट्यातलं. तिथल्या जुन्या खाणीत घरगुती कचरा भरला होता. २४ मार्च १९८६ च्या पहाटे शेजारचं एक घर स्फोटानं उडालं. तिघे जखमी झाले, जीव वाचले. कचरा कुजताना मिथेन होतो. हवेत त्याचं प्रमाण पाच ते पंधरा टक्क्यांच्या दरम्यान आलं की ठिणगी पुरते. तो वायू खडकाच्या भेगांतून घराखाली गेला होता, आणि त्या रात्री हवेचा दाब झपाट्यानं उतरल्यामुळं जमिनीतून आणखी जोरानं बाहेर आला. जमिनीखालच्या खाणीत मिथेन मोजत माझी उमेदीची वर्षं गेली, त्यामुळं हा दाखला मी विसरू शकत नाही. खाणीच्या शिक्षणात आम्हाला वेल्समधल्या ॲबरफॅनचंही सांगत. २१ ऑक्टोबर १९६६ ला कोळसा खाणीच्या मातीचा ढिगारा खाली घसरून शाळेवर आला, १४४ माणसं गेली, त्यांत ११६ मुलं. ढिगारा झऱ्यावर रचलेला होता. वर काय रचलं यापेक्षा खाली पाणी कुठं आहे हे आधी बघा, एवढं एकच आम्हाला घोकायला लावलेलं.

तर ग्रामसभेत मी एवढंच म्हणालो: "महिनाभर द्या. खाणीचं पाणी आणि आपल्या नळपाण्याच्या विहिरीचं पाणी एकच आहे का, ते बघू. मग ठरवा."

मुलाची आई मागं बायकांत बसलेली. ती उठली. "नाना, तुमी पान्याचं बघताय. माझ्या दारातनं त्यो खड्डा दिसतोय. रोज दिसतोय." आणि खाली बसली. माझ्याकडं उत्तर नव्हतं. तरी ठराव झाला, महिनाभर थांबायचं.

नळी, मोटार आणि विहीर

गावची विहीर खाणीपासून चारशे फुटांवर. आपल्याकडचा खडक म्हणजे साधारण साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचे एकावर एक थर. दोन थरांच्या मध्ये बऱ्याच ठिकाणी तांबड्या मातीचा पट्टा असतो. विहीर खोदणाऱ्याला तो चांगला माहीत असतो, कारण त्याच्यावर पाझर असतो. आमच्या खाणीच्या दक्षिण भिंतीत तो पट्टा स्पष्ट दिसत होता, काठापासून सतरा फुटांवर, वीतभर जाड, खाली ओल. विहिरीत उतरून बघितलं, तर बांधकाम संपतं तिथं, काठापासून तेरा फुटांवर, तसाच पट्टा. प्रश्न एवढाच की दोन्ही एकच आहेत का.

पूर्वी असतं तर मी यंत्र लावलं असतं. इथं आमच्या गवंड्यानं आपली नळी काढली, पारदर्शक, पाणी भरलेली, पन्नास फुटी. दोन्ही टोकांना पाणी एका पातळीत उभं राहतं, त्यावर घरं बांधली जातात. नऊ टप्प्यांत आम्ही ती खाणीच्या काठापासून विहिरीच्या काठापर्यंत नेली. प्रत्येक टप्प्याला खुंटी, खुंटीवर खडूची खूण, बुडबुडा राहिला तर नळी झटकून पुन्हा. बरोबर दोन कॉलेजची पोरं होती, त्यांनी वही सांभाळली. विहिरीचा काठ खाणीच्या काठापेक्षा चार फूट आणि दोन बोटं खाली निघाला. सतरातून चार गेले, तेरा. गवंड्यानं टोपी काढून डोकं खाजवलं आणि म्हणाला, "म्हंजी एकच वाट हाय की नाना."

एवढ्यावर मी थांबणार नव्हतो. पट्टा एक असला तरी पाणी जातं-येतं हे दाखवायला हवं. एका म्हाताऱ्या शेतकऱ्यानं आठवण सांगितली की ठेकेदार खाण उपसायचा तेव्हा विहीर ओढायची. मग आम्ही तेच केलं. ग्रामपंचायतीनं दवंडी दिली, तीन दिवस विहिरीची मोटार बंद, पाणी टाकीतलं आणि हापशाचं वापरायचं. खाणीवर दोन मोटारी बसवल्या, वीज असेल तेवढा वेळ उपसा. पाणी पाइपानं लांब, ओढ्याच्या पलीकडं, गव्हाला दिलं, नाही तर तेच मुरून विहिरीला परत आलं असतं. विहिरीत टेपला दगड बांधून दर दोन तासांनी माप.

पहिल्या दिवशी काहीच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी विहीर दोन इंच खाली. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी खाण अडीच फूट उतरली होती आणि विहीर नऊ इंच. मोटारी बंद केल्या, तशी विहीर आठवडाभरात हळूहळू पहिल्या खुणेवर आली. ते बघायला माणसं येऊन थांबायची. आमच्या तालुक्याला पाणी मोजायची सवय आहे. २०१६ ला पाणी फाउंडेशनची वॉटर कप स्पर्धा पहिल्यांदा झाली ती ज्या तीन तालुक्यांत, त्यांत कोरेगाव एक, आणि पहिला नंबर आमच्याच तालुक्यातल्या वेळूचा. ज्यांनी त्या वर्षी उन्हात चर खणले, त्यांना नऊ इंच म्हणजे काय ते समजावून सांगावं लागत नाही.

यानंतर नियम वाचून दाखवणं सोपं गेलं. तेव्हा लागू असलेल्या २०१६ च्या घनकचरा नियमांत कचरा भराव पिण्याच्या पाण्याच्या विहिरीपासून २०० मीटर लांब हवा. आमचं अंतर सव्वाशेच्याही आत. तळाला ९० सेंटिमीटर घट्ट चिकणमाती, त्यावर दीड मिलिमीटर जाडीचं खास प्लास्टिक, आणि भूजलाची पातळी त्या मातीच्याही किमान दोन मीटर खाली. आमच्या खाणीचा तळ स्वतःच पाण्यात. शिवाय सुरुंगानं तडकलेल्या उभ्या कातळावर चिकणमाती बसणार कशी? भरावात ओला-सुका मिसळलेला कचरा टाकायचाच नाही, ज्याचं पुढं काहीच होऊ शकत नाही तेवढंच टाकायचं, हेही त्यातच लिहिलेलं. आणि बंद केल्यावर पंधरा वर्षं वायूवर आणि झिरपणाऱ्या काळ्या पाण्यावर लक्ष ठेवायचं, त्यानंतरच त्या जागेच्या दुसऱ्या वापराचा विचार. रंगीत नकाशातली बाग पंधरा वर्षं लांब होती, हे नकाशात कुठं नव्हतं.

एक गोष्ट न्यायानं सांगायला हवी. कचऱ्यावर बाग होतच नाही असं माझं म्हणणं नाही. मुंबईत गोराईचा डेपो शास्त्रीय पद्धतीनं झाकला, वायू नळ्यांनी गोळा केला. पण त्यामागं मुंबई महापालिकेएवढी यंत्रणा उभी होती. आणि मुळात पुरायचा कचरा कमी करता येतो. आपल्याच जिल्ह्यातलं कराड २०२० च्या स्वच्छ सर्वेक्षणात एक लाखाच्या आतल्या शहरांत देशात पहिलं आलं. कचरा घरातूनच वेगळा झाला तर खड्डा शोधत गावोगाव फिरावं लागत नाही.

नगरपालिकेनं प्रस्ताव मागं घेतला. लगेच टाळेबंदी लागली आणि सगळंच थांबलं.

मग खड्ड्याचं काय?

'नाही' म्हणून मोकळं होता येत नव्हतं. त्या बाईच्या दारातून खड्डा अजून दिसत होता. काहींचं म्हणणं, मुरुमानं भरा. मी हिशेब मांडला. एक एकर गुणिले चाळीस फूट, म्हणजे सुमारे पन्नास हजार घनमीटर. डंपरच्या पाच हजार खेपा. आणि एवढा मुरूम आणायचा कुठून? दुसऱ्या टेकडीला तेवढाच खड्डा पाडून.

मी वहीतलं ते वाक्य पुन्हा काढलं. पोरगं पाणी खोल होतं म्हणून गेलं नव्हतं, वर यायला धर नव्हता म्हणून गेलं होतं. मग पाणी ठेवायचं आणि धर द्यायचा. जानेवारी २०२१ च्या निवडणुकीनंतर नवीन ग्रामपंचायत आली आणि तिनं हे मनावर घेतलं. पोकलेन लावून डंपरचा जुना रस्ता मोकळा केला, रुंद केला, पाण्यात उतरत जाणारा उतार केला. निघालेले मोठे दगड समोरच्या कडेला पायऱ्यांसारखे रचले. उरलेल्या दोन बाजूंना कातळात खिळे ठोकून पाण्याच्या उंचीला लोखंडी साखळी बांधली, आणि पाणी उतरतं तशी धरता यावी म्हणून खाली आणखी एक. वर जाळीचं कुंपण, त्याला लागून सागरगोट्याची काटेरी झुडपं.

हे सगळं सुरू करायच्या आधी मी त्या घरी गेलो होतो. नवराबायको दोघंही होती. बाग, पाणी, विहीर यातलं काही बोललो नाही. कुठं साखळी लावणार ते कागदावर काढून दाखवलं. वडील बराच वेळ कागद बघत राहिले. मग म्हणाले, "इथं लावा पैली. पोरं हितनंच उड्या टाकत्यात." पहिली साखळी तिथं लावली.

कोरडा दीड एकर आम्ही भरला. घरं पाडल्याचं विटा-काँक्रीट, क्रशरची वाया गेलेली भुकटी, विहिरी खोदताना निघालेला मुरूम. फूट-फूट थर, पाणी मारून रोलर. पहिल्याच महिन्यात एक टेम्पो आला, वर विटा आणि खाली थर्माकोल, बाटल्या, डायपर. त्यानंतर नियम केला की गाडी आधी सपाट जागेवर ओतायची, पसरून बघायची, मगच आत ढकलायची. बचत गटातल्या बायकांनी पाळ्या लावल्या. त्यांची नजर माझ्यापेक्षा कडक, दोन गाड्या त्यांनी माझ्यासमोर परत पाठवल्या. माती नव्हती, म्हणून पाझर तलावातला गाळ उन्हाळ्यात काढून दोन फूट पसरला.

इथं माझी एक चूक झाली, ती लिहितो म्हणजे दुसऱ्यानं करू नये. चंद्रपूरला ओबीच्या ढिगाऱ्यांवर आम्ही बांबू, शिसव लावायचो आणि ते जगायचं. त्या अंदाजानं मी पहिल्याच पावसाळ्यात झाडं लावून घेतली. दिवाळीपर्यंत निम्म्याहून जास्त मेली. उपटून बघितलं तर मुळं दोन फुटांवर जाऊन वाकडी झालेली आणि खालची कुजलेली. ओबीचा ढिगारा सैल असतो, आमचा भराव रोलरनं दाबलेला. गाळाखाली जणू फरशी होती आणि पाणी त्यावर साचत होतं. पुढच्या वर्षी ट्रॅक्टरच्या नांगरानं ओळीनं खोल चर फोडले, आधी गवत येऊ दिलं, मारवेल आणि पवन्या, आणि मग चरांत करंज, आपटा, बोर, सीताफळ. ही जगलीत. लॉन केलं नाही. गवत कापून लोक जनावरांना नेतात, त्याचं कुणाला वावडं नाही.

आज तिथं संध्याकाळी माणसं चालायला येतात. खेळणी नाहीत. भराव अजून बसतोय, आणि माझ्या मते आणखी दोन पावसाळे तरी त्यावर काही पक्कं बांधू नये. गेल्या जुलैत पूर्वेच्या कडेला वीस-पंचवीस फूट लांब भेग पडली आणि तिथली जमीन हातभर खाली गेली. तिथं टाकलेल्या काँक्रीटच्या मोठ्या तुकड्यांच्या मधे पोकळी राहिली असणार, तुकडे फोडून टाकायला हवे होते. भेग उकरून बारीक मुरमानं भरली, पुन्हा दाबली. यंदा ती उघडली नाही, पण शेजारी केसाएवढी दुसरी दिसतेय. तिच्या दोन्ही टोकांना मी चुन्याची खूण केलीय, वाढली तर कळेल.

विहिरीचं माप दर महिन्याच्या एक तारखेला घेतो. वही ग्रामपंचायतीच्या कपाटात असते. खाणीची पातळी, विहिरीची पातळी, पाण्याचा वास, रंग, आणि वर्षातून दोनदा तालुक्याहून तपासून आणलेला कागद चिकटवलेला. नळी धरायला आलेल्या दोन पोरांपैकी एक पुण्याला नोकरीला गेला. दुसरा आहे, पण त्याचंही मन बाहेर आहे. एक तारखेला मी गावात नसलो तर आता खाणीत बुडालेल्या त्या मुलाचे वडील टेप घेऊन जातात. आकडे मोठे काढतात, दोन ओळी व्यापून, आणि इंचाच्या पुढचं अर्धं-पाव लिहीत नाहीत. पुढच्या महिन्यात त्यांना ते शिकवायचं आहे.